तिसरा माणूस खोलीत येतो तेव्हा

बोरिवली आणि मुलुंड यांच्यात सरळ रेषेत फार अंतर नाही, डझनभर किलोमीटर असेल. पण मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. डोंगर, कान्हेरीची लेणी, तुळशी तलाव आणि बिबट्यांचा वावर. त्यामुळे माणसाला सरळ जाता येत नाही. लोकलने जायचं तर पश्चिम रेल्वेने दादरपर्यंत खाली यायचं, पूल चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरायचं आणि जवळजवळ तेवढंच पुन्हा वर जायचं. रस्त्याने जायचं तर घोडबंदर नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, आणि त्यावरची वाहतूक.

आता बोरिवलीतल्या एखाद्या आत्याने लॅपटॉपसमोर बसून मुलुंडच्या भाच्याला विचारलं, "अरे, ऐकू येतंय का?" तर तिचं वाक्य पुरं होण्याआधीच त्यातला "अरे" मुलुंडला पोचून वाजूनही गेलेला असतो. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की आवाज जरा अडखळला तरी आपण चिडतो. मला मात्र तो अडखळत नाही याचंच नवल वाटतं. आणि त्याहून मोठं नवल याचं, की हे सगळं घडवणारा प्रोग्राम उघडून आत पाहता येतो, फुकट उतरवून घेता येतो आणि भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर स्वतःची सभा-खोली म्हणून चालवता येतो. जित्सी मीट हा असा एक प्रोग्राम, बिगब्लूबटन हा दुसरा. हा लेख मुख्यतः जित्सीबद्दल आहे.

आधी त्या "अरे"कडे जवळून पाहू. तो उच्चारायला पाव सेकंद लागतो. मायक्रोफोन हवेचा दाब सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. ब्राउझर त्या मोजमापांचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो. एका तुकड्यात ९६० आकडे, म्हणजे साधारण १,९२० बाइट. "अरे"चे असे डझनभर तुकडे होतात. मग ओपस नावाची पद्धत प्रत्येक तुकडा आवळते आणि १,९२० बाइटांचे ८०च्या आसपास उरतात. देवनागरीतलं एक साधं, काना-मात्रा नसलेलं अक्षर संगणकात साधारण तीन बाइट घेतं, म्हणजे आवाजाचा हा तुकडा देवनागरीच्या सव्वीस-सत्तावीस अक्षरांएवढ्या जागेत मावतो.

हे जमतं कसं? ओपस २०१२ साली जागतिक मानक म्हणून प्रसिद्ध झालं. त्यात दोन घराणी एकत्र आली आहेत. एक स्काइपकडून आलेलं, बोलण्यासाठीचं. दुसरं झिफ या मुक्तस्रोत संस्थेकडून आलेलं, संगीतासह सगळ्या ध्वनींसाठीचं. बोलण्याची पद्धत विलक्षण आहे. ती आवाजाची लाट जशीच्या तशी पाठवत बसत नाही. त्या वीस मिलिसेकंदांत घसा, जीभ आणि ओठ यांची पोकळी साधारण कोणत्या आकारात असेल याचा गणिती अंदाज बांधते, तो अंदाज पाठवते, आणि अंदाजात न बसलेली बारीकसारीक बाकी सोबत जोडते. मुलुंडचा संगणक त्या अंदाजावरून आवाज पुन्हा घडवतो. भाच्याला आत्याचा आवाज ओळखू येतो, तिला सर्दी झाली आहे हेही कळतं. प्रत्येक तुकड्याला चाळीस बाइटांचं वेष्टण लागतं: कुठून, कुठे, कितवा, कोणत्या क्षणाचा. माल ऐंशीचा आणि वेष्टण चाळीसचं, पण त्यातला "कितवा" हा आकडा सगळं तारून नेतो, कारण तुकडे वाटेत मागेपुढे होतात आणि काही हरवतात.

हरवलेलं पत्र पुन्हा मागवता येतं, हरवलेली वेब पानंही ब्राउझर पुन्हा मागवतो. आवाजाच्या बाबतीत ते निरुपयोगी आहे. मागवलेला तुकडा येईपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असतो, आणि उशिरा आलेला "रे" कुठे बसवणार? म्हणून हे तुकडे यूडीपी नावाच्या पद्धतीने पाठवतात: पोचपावती नाही, पुन्हा पाठवणं नाही. ऐकणाऱ्याचा संगणक काही मिलिसेकंद थांबून तुकडे क्रमाने लावतो, आणि एखादा आलाच नाही तर मागच्या आवाजाचा कल पाहून ती फट स्वतः भरतो. रोजच्या बोलण्यात आपण असे किती कृत्रिम क्षण ऐकतो, त्यातला एकही लक्षात येत नाही.

या सगळ्याची मुंबईच्या उपनगरांशी जुनी सोयरीक आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, नावाची संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. १९८६ साली देशातल्या मोजक्या संस्थांना जोडणारा अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला, त्यात एनसीएसटी होती आणि पवईची आयआयटीही. १९८७ मध्ये या दोन संस्थांमध्ये साध्या डायल-अप फोनवरून ईमेलची देवाणघेवाण झाली. जुहू ते पवई! आपल्या देशातल्या जाळ्याची सुरुवात उपनगरातल्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या टेलिफोनच्या तारेवर झाली. त्यानंतर दोन वर्षांनी एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत जोडणी मिळाली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आत्याचा एकटीचा आवाज आज सेकंदाला सुमारे ३२,००० बिट घेतो. म्हणजे देशभरातल्या संशोधकांची टपाल परदेशी नेणाऱ्या त्या जोडणीवर आज एक माणूसही नीट बोलू शकला नसता. हे जाळं उभारणाऱ्या एनसीएसटीच्या श्रीनिवासन रमाणी यांना २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. सामान्य ग्राहकाला व्हीएसएनएलकडून इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला.

पवईत पुढे दूरवरून शिकवण्याचे प्रयोग सतत चालू राहिले. २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट उपग्रह सोडला गेला आणि आयआयटी मुंबईचे वर्ग त्यावरून दूरदूरच्या महाविद्यालयांत दिसू लागले. पण उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो, आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत निदान अर्धा. प्रकाशाचा वेग तेवढाच आहे, त्याला कोणी काही करू शकत नाही. मग प्रा. दीपक फाटक यांनी दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा घाट घातला. फाटक मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे आयुष्यभराचे कैवारी, २०१३ साली पद्मश्रीने गौरवलेले. पवईतून व्याख्यान, देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेकडो केंद्रं, आणि मधे जमिनीवरून जाणारं जाळं. त्यासाठी अमृता विश्वविद्यापीठाने तयार केलेला ए-व्ह्यू हा प्रोग्राम वापरला गेला. कुठल्याशा गावातल्या महाविद्यालयातला शिक्षक हात वर करतो, पवईत त्याचा चेहरा पडद्यावर येतो आणि तो थेट प्रश्न विचारतो, हे इथे लॉकडाउनच्या कितीतरी आधी घडत होतं. २०२०च्या जूनमध्ये आयआयटी मुंबईने उरलेल्या वर्षात प्रत्यक्ष वर्ग होणार नाहीत असं जाहीर केलं आणि गरजू विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपसाठी देणग्यांचं आवाहन केलं, तेव्हा पवईसाठी दूरवर्ग ही गोष्ट नवी नव्हती. नवं एवढंच होतं की आता दुसऱ्या टोकाला केंद्र नव्हतं, स्वयंपाकघरातलं टेबल होतं.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. २०१० साली गूगलने आवाज आणि चित्र पाठवण्याचं तंत्र जाणणारी ग्लोबल आयपी सोल्यूशन्स ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ते तंत्र वेबआरटीसी या नावाने सगळ्यांसाठी खुलं केलं. ब्राउझरलाच कॅमेरा, माइक आणि थेट संभाषण कळू लागलं. वेगळा प्रोग्राम उतरवायला नको, फ्लॅश नको. जानेवारी २०२१ मध्ये ते अधिकृत वेब मानक झालं. आपण दुव्यावर क्लिक करतो आणि सभेत पोचतो ते यामुळे.

जित्सीची सुरुवात याच्याही आधीची, २००३ सालची. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने ती केली. बिगब्लूबटनचं बी २००७ साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पडलं, तिथेही पहिला कोड रिचर्ड ॲलम या विद्यार्थ्याने लिहिला. आज जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत चालणाऱ्या या दोन्ही खोल्या विद्यार्थ्यांच्या हातून उभ्या राहिल्या, ही गोष्ट मला आपल्याकडच्या प्रत्येक अभियांत्रिकी वर्गात सांगाविशी वाटते. जित्सीची मालकी पुढे दोनदा बदलली, २०१५ साली ॲटलासियनकडे आणि २०१८ साली ८x८कडे गेली. पण कोड मुक्त परवान्याखाली खुला होता आणि खुलाच राहिला. कंपनी विकली जाते, परवाना मागे घेता येत नाही.

आता खोली उभारू. एक सर्व्हर भाड्याने घ्यायचा, त्यावर डेबियन किंवा उबंटू. छोट्या बैठकींना चार जीबी रॅम चालते, जरा मोठ्या गटाला आठ बरी. एक डोमेन नाव घ्यायचं आणि डीएनएसमध्ये ते सर्व्हरच्या पत्त्याशी जोडायचं. मग जित्सीचं भांडार यंत्राच्या यादीत टाकायचं आणि एका आज्ञेत सगळं मागवायचं. यंत्र डोमेनचं नाव विचारतं, लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत प्रमाणपत्र आणू का विचारतं, आणि चहा गाळून होईपर्यंत बहुधा खोली तयार असते. या आज्ञेसरशी सर्व्हरवर मुख्यतः चार प्रोग्राम येतात. एनजिनएक्स वेब पान देतो. प्रॉसडी हा मूळचा चॅटचा सर्व्हर आहे, आणि जित्सीची सभा म्हणजे आत पाहिलं तर एक चॅट-खोलीच असते: कोण आलं, कोण गेलं, कोणी हात वर केला हे सगळं निरोपांतून फिरतं. जिकोफो कोणाला कुठे जोडायचं ते ठरवतो. आणि जित्सी व्हिडिओब्रिज प्रत्यक्ष आवाज-चित्र हाताळतो. खोली आधीपासून बांधून ठेवलेली नसते. पहिला माणूस दुव्यावर आला की ती जन्मते आणि शेवटचा बाहेर पडला की नाहीशी होते.

दोघांनी आत येऊन पाहावं. सगळं झकास चालतं. मग तिसरा येतो आणि सगळ्यांचे चेहरे काळे होतात, आवाज बंद. गंमत अशी की चॅट चालू असतं. नावं दिसतात, वर केलेला हात दिसतो. जित्सी नव्याने उभारणाऱ्यांत या प्रसंगाशी गाठ पडली नाही असा माणूस क्वचितच भेटेल, आणि हा प्रसंग समजला की अख्खं यंत्र समजतं. म्हणून इथे जरा थांबतो.

दोघं असतात तेव्हा जित्सी त्यांना थेट एकमेकांशी जोडून देतो. सर्व्हर फक्त ओळख करून देतो आणि बाजूला होतो. पण थेट जोडणं सोपं नाही. आपल्या घरच्या लॅपटॉपला इंटरनेटवर बहुधा स्वतःचा पत्ता नसतो, राउटरच्या आत त्याला घरगुती नंबर असतो. मोबाइल कंपन्या तर कित्येक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. सोसायटीच्या फाटकासारखं हे काम चालतं: बाहेरून अनोळखी माणूस आला तर वॉचमन सोडत नाही, पण आतल्या माणसाने अमुक जण येणार आहे असं आधी सांगून ठेवलं असेल तर सोडतो. म्हणून बोरिवलीचा ब्राउझर आधी स्टन नावाच्या बाहेरच्या सेवेला विचारतो, "तुला मी कुठल्या पत्त्यावरून आलेला दिसतो?" मुलुंडचाही तेच विचारतो. सर्व्हर दोघांचे पत्ते एकमेकांना कळवतो, आणि मग दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे तुकडे पाठवू लागतात. आत्याच्या राउटरला वाटतं, आपल्याच घरातून मुलुंडकडे निरोप गेला आहे, तर तिकडून येणारं उत्तर आत घ्यावं. भाच्याच्या राउटरलाही तसंच वाटतं. दोन्ही फाटकं आतून उघडतात. यात कुठलीही फसवणूक नाही, फक्त वेळ साधलेली असते.

तिसरा आल्यावर हा मार्ग सोडावा लागतो, कारण गणित अंगावर येतं. वीस जण थेट एकमेकांशी जोडले तर १९० जोड्या होतात आणि प्रत्येकाला आपलं चित्र एकोणीस वेळा पाठवावं लागतं. घरच्या जोडणीला ते झेपणार नाही. म्हणून तिसरा येताच जित्सी सगळ्यांना व्हिडिओब्रिजकडे वळवतो, आणि व्हिडिओब्रिज सर्व्हरच्या यूडीपी १०००० या पोर्टवर ऐकत असतो. उभारणाऱ्याने वेबसाठी ८० आणि ४४३ ही दारं उघडलेली असतात, पण १०००० बंद राहिलेलं असतं. चॅट ४४३मधून जातं म्हणून चालतं. चेहरे १०००० वर ठोठावत राहतात. आडवाट म्हणून टर्न ही सेवा ५३४९ वरून असते, पण तेही दार बंद असलं तर मग काहीच पोचत नाही. त्यातही मेख अशी की क्लाउडच्या सर्व्हरला दोन कुलपं असतात, एक यंत्राच्या आतली फायरवॉल आणि एक भाडं घेणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण-पानावरची. दोन्हीकडे १०००० उघडलं की तीन चेहरे एका क्षणात उजळतात. तरीही नाही उजळले, तर बहुधा सर्व्हर स्वतःच एखाद्या फाटकाच्या आत बसलेला असतो आणि सगळ्यांना आपला आतला नंबर सांगत असतो. व्हिडिओब्रिज आपला बाहेरचा पत्ता बहुतेकदा स्वतः शोधून काढतो. नाही सापडला तर त्याच्या फाइलीत आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पत्ते लिहून द्यावे लागतात.

व्हिडिओब्रिज आत काय करतो हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. जुन्या पद्धतीच्या यंत्रात सगळ्यांची चित्रं उलगडायची, एका मोठ्या चित्रात चिकटवायची आणि पुन्हा आवळून पाठवायची असा खटाटोप असे. त्याला दणकट यंत्र लागे. व्हिडिओब्रिज चित्र उलगडतच नाही. तो फक्त ठरवतो की कोणाचा तुकडा कोणाकडे जाईल, आणि पुढे ढकलतो. ते जमावं म्हणून प्रत्येक ब्राउझर आपलं चित्र एकाच वेळी तीन आकारांत पाठवतो: लहान, मध्यम, मोठं. जित्सीत त्यांची ठरावीक मर्यादा अनुक्रमे सेकंदाला दोन लाख, पाच लाख आणि पंधरा लाख बिट अशी असते. मोठं चित्र आवळण्याआधी सेकंदाला ३३ कोटी बिटांच्या वर असतं, ते पंधरा लाखांत बसतं. ज्याच्या पडद्यावर तुम्ही मोठे दिसता त्याला मोठं चित्र जातं, ज्याच्या कोपऱ्यात इवलासा चौकोन आहे त्याला लहान. कोणाची जोडणी मंदावली की फक्त त्याच्यापुरतं चित्र खालच्या आकाराला उतरतं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

आणि कोण बोलतंय हे त्याला कसं कळतं? आवाज तर तो उलगडून ऐकत नाही. प्रत्येक तुकड्याच्या वेष्टणावर ब्राउझर एक छोटा आकडा लिहितो, ० ते १२७ मधला: या वीस मिलिसेकंदांत आवाज किती मोठा होता. व्हिडिओब्रिज तेवढाच आकडा वाचतो. पण नुसता मोठा आवाज म्हणजे बोलणं नव्हे. कोणाच्या घरात कुकरची शिट्टी होते, कोणी खोकतो, खाली रिक्षा हॉर्न देते. दर शिट्टीला पडदा उडी मारू लागला तर सभा होणार कशी? इलाना व्होल्फिन आणि इस्रायल कोहेन या इस्रायली संशोधकांनी यावर उपाय दिला. आवाजाचे आकडे क्षणभराच्या, मध्यम आणि लांब अशा तीन खिडक्यांतून पाहायचे. शिट्टी क्षणाच्या खिडकीत मोठी दिसते, पण लांबच्या खिडकीत बोलण्याची लय दिसत नाही. तिन्ही खिडक्यांत जो आताच्या वक्त्यापेक्षा सरस ठरेल तो नवा वक्ता. जित्सी हीच पद्धत वापरतो. सभा मोठी असेल तर त्याला अलीकडे बोललेल्या ठरावीक जणांचीच चित्रं पाठवायला सांगता येतं. गप्प बसलेल्यांचं चित्र थांबतं आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की परत येतं.

खर्चाचा अंदाज यावरूनच बांधावा. वीस जणांची सभा, प्रत्येकाच्या पडद्यावर एक मोठा चेहरा आणि अठरा लहान. प्रत्येकाकडे सेकंदाला जेमतेम ५१ लाख बिट जातात, वीस जणांचे मिळून १० कोटींच्या घरात. तासाभरात सर्व्हरमधून ४५ जीबीच्या आसपास डेटा बाहेर पडतो. सर्व्हर घेताना लोक प्रोसेसर आणि रॅम पाहतात. सभेच्या खोलीसाठी मी आधी महिन्याला किती डेटा बाहेर सोडता येतो ते पाहीन. मोठ्या वर्गासाठी फळा, फाइली, छोट्या गटांच्या खोल्या हे सगळं नीट बसवलेलं हवं असेल तर बिगब्लूबटन जास्त शहाणा आहे, पण त्याची भूक मोठी: सोळा जीबी रॅम आणि आठ कोर अशी त्याची शिफारस असते.

सर्व्हर कुठे आहे यालाही महत्त्व आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कोळीवाड्याच्या आसपास फिरताना वाळूखालून देशाचं परदेशाशी बोलणं जात असतं, कारण समुद्राखालच्या कित्येक केबल मुंबईत याच भागात येऊन लागतात. समजा आपण स्वस्त म्हणून जर्मनीतला सर्व्हर घेतला. तीन जणांच्या सभेत आत्याचा "अरे" आता बोरिवलीहून अरबी समुद्रात उतरेल, तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्र गाठेल, फ्रँकफर्टला पोचेल आणि तिथून त्याच मार्गाने मुलुंडला येईल. सरळ रेषेतच जाऊन-येऊन १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे कमीत कमी ६५ मिलिसेकंद, आणि केबलची वाट सरळ रेषेपेक्षा बरीच लांब. संभाषण सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना सांगते. त्यातला मोठा वाटा नुसत्या प्रवासात खर्च झाला तर दोघं एकदमच बोलायला लागतात, दोघंही थांबतात आणि "तू बोल, तू बोल" सुरू होतं. सर्व्हर मुंबईत असला तर हा प्रवास काही मिलिसेकंदांत आटोपतो. आज पवई-चांदिवलीच्या पट्ट्यातही मोठी डेटा सेंटर उभी आहेत, आणि शहरातल्या इंटरनेट एक्स्चेंजमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी एकमेकांना भेटतात. बोरिवलीची कंपनी एक आणि मुलुंडची दुसरी असली तरी "अरे"ला शहराबाहेर जायची गरज उरत नाही.

वेगापेक्षाही मोठं कारण विश्वासाचं आहे. वाटेत आवाज आणि चित्र कुलूपबंद असतात, पण नेहमीच्या व्यवस्थेत ते कुलूप व्हिडिओब्रिजपर्यंतचं. तिथे ते उघडतं आणि पुढच्यासाठी पुन्हा लागतं. म्हणजे सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला मनात आणलं तर ऐकता येईल. जित्सीने २०२०च्या एप्रिलमध्ये बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत एकच कुलूप ठेवण्याची पद्धत दाखवली, तीही ब्राउझरमध्ये. एखाद्या सल्लागाराने, डॉक्टरांनी, महिलांच्या आधारगटाने आपली खोली स्वतः चालवावी असं मला कळकळीने वाटतं ते यासाठी. जित्सीची सार्वजनिक खोली जगात कोणालाही खुली होती. ऑगस्ट २०२३ पासून तिथे सभा सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं, कारण तिचा गैरवापर होऊ लागला होता. स्वतःच्या सर्व्हरवर हा नियम आपण ठरवतो. मात्र ठरवावा लागतो: काहीच केलं नाही तर तुमचा पत्ता सापडलेला कोणीही तुमच्या खर्चाने सभा भरवू शकतो. प्रॉसडीच्या फाइलीत खोली उघडणाऱ्यासाठी नाव आणि पासवर्ड लावायचा, पाहुण्यांना तसंच येऊ द्यायचं. काही ओळींचं काम आहे, पण ते पहिल्याच दिवशी करावं.

खोली सुरू झाली की सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी निवडून पाहा. जित्सीत मराठी आहे, आणि ती कोणा कंपनीच्या धोरणातून आलेली नाही, स्वयंसेवकांच्या हातून आली आहे. भाषेची ती फाइल साधी आहे: डावीकडे प्रोग्रामला कळणारं नाव, उजवीकडे पडद्यावर दिसणारी ओळ. तुमच्या सर्व्हरवर ती फाइल तुमचीच आहे. एखादं बटण कानाला खटकलं तर ओळ बदला, जतन करा, पान पुन्हा उघडा, आणि आत्याला बोरिवलीत तुमची ओळ दिसेल. तीच सुधारणा मूळ प्रकल्पाकडे पाठवली आणि तिथे स्वीकारली गेली, तर पुढच्या आवृत्तीपासून पुण्यापासून टोरंटोपर्यंत जो कोणी जित्सीची खोली मराठीत उघडेल त्याच्या पडद्यावर ती असेल.